उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आमच्या ह्यांनी जन्मतःच मिठाची गुळणी धरली असावी. लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "मुलगा शांत आहे, सुखात राहशील." मावशीचं काय जातंय बोलायला. शांत माणसाशी एकदा भांडून बघा म्हणावं. दोन्ही बाजू आपल्यालाच लढवाव्या लागतात आणि शेवटी आपलंच डोकं दुखतं.

मी त्यांच्या अगदी उलट. बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं लेकरू चौकशीच्या खिडकीशी रडत बसलंय, सगळं माझ्या तोंडून. माईक बंद पडला की केबिनच्या दारात उभी राहून ओरडायची, तरी मागच्या फलाटावरची माणसं बोचकी उचलून धावायची. चर्चमध्ये शास्त्रवाचन माझ्याकडे, घरी जेवणाआधीची प्रार्थना माझ्याकडे. हे समोर बसून फक्त "आमेन" म्हणायचे. तेही कधी कधी उशिरा.

ह्यांचं काम कापडगिरणीत, मागावर. सकाळी डबा घेऊन जातात, संध्याकाळी केसांत कापसाचे तंतू घेऊन येतात. दिवस कसा गेला विचारलं तर "गेला". पाठमोरे असताना काही सांगितलं तर ढिम्म. मला वाटायचं, सोयीचं नसेल तिथं कानाडोळा करतात. चर्चमध्ये मात्र पहिल्याच बाकावर बसायचा हट्ट. तोंड न उघडणाऱ्या माणसाला पुढं बसायची एवढी हौस कशाला, ते मला कधी कळलं नाही.

मग माझ्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावंच लागेल, डॉक्टर म्हणाले. "आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून आहे. जपून काढू, पण खात्री देत नाही." गाठीचं मला तेवढं वाटलं नाही. आवाज गेला तर मी कोण, हे मला कळेना. हे शेजारच्या खुर्चीवर बसून डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना सुरू केली. मला रडू आवरेना म्हणून मी मधेच डोळे उघडले, तर समोर आमचे हे डोळे टक्क उघडे ठेवून पाळकसाहेबांकडे बघतायत. हात जोडलेले, पण डोळे उघडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाळकसाहेब जिना उतरतायत तोच मी तोंडाचा पट्टा सोडला. "उद्या माझा गळा कापणार आहेत. आणि तुम्हाला घडीभर डोळे मिटून देवासमोर बसवत नाही?"

"ते काय म्हणतायत ते बघत होतो," हे म्हणाले.

"बघायचं काय त्यात? ऐकायचं असतं."

ह्यांनी कप गोळा केले आणि आत गेले. मी बोलतच राहिले. विश्वास नसेल तर सरळ सांगा म्हणाले, इतकी वर्षं कुणाबरोबर गुडघे टेकले मी, असंही म्हणाले. आतून नळाचा आवाज येत होता, बस्स. तेच माझं शेवटचं मोठ्यानं बोलणं ठरलं.

शुद्धीवर आले तेव्हा तोंड उघडलं, ओठ हलले, पण आतून काहीच आलं नाही. साधा घोगरा सूरसुद्धा नाही. आमची लेक सासरहून आली होती. ती माझ्यावर वाकून म्हणत होती, "आई, काय हवंय? पाणी? नर्स? दुखतंय?" मी ओठ हलवत होते आणि ती रडकुंडीला आली होती. मलाही रडता येईना, रडलं की टाके ओढायचे.

दारात उभे असलेले हे म्हणाले, "खिडकी लाव म्हणतेय. उजेड डोळ्यांवर येतोय."

मी गप्प झाले. म्हणजे होतेच, पण आतूनही झाले. मग मुद्दाम पुटपुटले, "चहा प्यायलात का?"

"प्यायलो. गार होता."

लेक बघतच राहिली. "पप्पा, तुम्हाला कसं कळतं?"

"मागावर असंच बोलतात," हे म्हणाले. "तिथं एवढा खडखडाट असतो, कुणाला काय ऐकू येणार. ओठ बघायचे."

जन्मात पहिल्यांदा ह्यांच्या तोंडून सलग एवढं ऐकलं. आणि एकदम माझ्या डोक्यात पहिला बाक आला. संध्याकाळच्या प्रार्थनेला वीज गेली की मेणबत्ती पेटवून माझ्या तोंडासमोर आणून ठेवणारे हे आले. पाठमोरं ढिम्म उभं राहणं आलं. मी ओठ हलवले, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

ह्यांनी खाली बघितलं. "तुझं येतं थोडं. तुझा आवाज मोठा आहे ना. होता." मग म्हणाले, "गिरणीत कळलं तर मागावरून काढतील. म्हणून कुठंच बोललो नाही."

म्हणजे हा माणूस प्रार्थनेत डोळे मिटू शकत नव्हता. मिटले असते तर प्रार्थनाच त्याच्यापर्यंत पोचली नसती. आणि मी त्याला नास्तिक ठरवून मोकळी झाले होते. कपाळाला हात लावावा म्हटलं तर हाताला सलाईन.

घरी आले. आवाज येईल की नाही, डॉक्टरांना विचारलं की ते म्हणायचे, "वाट बघू." आमचे आगारप्रमुख भेटायला येऊन म्हणाले, "बाई, जागा तुमचीच आहे." पण माझ्या केबिनमध्ये दुसरी बसलीय हे लेकीनं मला आधीच सांगितलं होतं. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवायला बसलं की ताट तसंच, प्रार्थना कोण करणार. हे माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे आणि मी ओठ घट्ट मिटून घ्यायची.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. आजारातून उठलेल्यानं सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं उपकारस्तुती करायची. पाळकसाहेबांनी निरोप पाठवला, या रविवारी या, तुमच्या वतीनं कुणीतरी प्रार्थना करील. मी ह्यांना ओठांनी स्पष्ट सांगितलं, "जायचं नाही. माझा आवाज काढून घेतला त्यानं. उपकार कसले मानू?"

"तेच सांग," हे म्हणाले. "मी बोलतो."

"तुम्ही?"

"तू सांग. मी बोलतो."

रविवारी आम्ही पुढं जाऊन समोरासमोर उभे राहिलो. मंडळीनं डोळे मिटले. उघडे होते ते आमच्या दोघांचेच. मी ओठ हलवले आणि ह्यांचा आवाज चर्चभर घुमला, मागावरच्या माणसाचा, सपाट आणि गरजेपेक्षा मोठा. "प्रभू, मी रागावले आहे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ह्यांना ते ऐकूच गेलं नाही. "माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती, ती तू घेतलीस. मला भीती वाटते. उद्या मला कुणी ओळखेल का, माहीत नाही." एकही शब्द गाळला नाही, मवाळ केला नाही. मग मी डॉक्टरांचे उपकार मानले, लेकीचे मानले, ते सगळं ह्यांनी जसंच्या तसं सांगितलं. लोक हसायचे थांबले होते.

मग मी म्हणाले, "आणि या माणसाबद्दल तुझे उपकार मानते. मी आयुष्यभर बोलत राहिले आणि हा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. कंटाळला नाही. नजर दुसरीकडे वळवली नाही. हे मला आधी कळायला हवं होतं."

हे गप्प.

मला वाटलं, नीट दिसलं नसेल. मी पुन्हा म्हणाले, एकेक शब्द सुटा करून. ह्यांचे कान लाल झाले. दिसलं होतं. मंडळी डोळे मिटून थांबली होती आणि मला सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं, पार मागच्या बाकापर्यंत. माझ्या गळ्यातून नुसती हवा गेली. आवाज गेल्याचं इतकं दुःख मला त्या क्षणाआधी झालं नव्हतं.

"आमेन," हे म्हणाले.

"आमेन," मंडळी म्हणाली.

बाहेर लेकीनं विचारलं, "पप्पा, शेवटी आई बराच वेळ काहीतरी म्हणत होती. काय म्हणाली?"

"काही नाही. घरचं होतं."

मला असा राग आला. गल्लीच्या वळणावर मी ह्यांना बाहीला धरून थांबवलं, हनुवटी पकडून तोंड माझ्याकडे वळवलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. ह्यांनी शेवटपर्यंत बघितलं.

"कळलं," म्हणाले. मग चालू लागत, "जेवणाआधी म्हण परत. तिथं कुणी नसतं."