फडताळाची उजवी रेघ

"मागे दिसत नाही. अक्षरं मोठी करा जरा," मी शेवटच्या रांगेतून म्हणाले.

मला दिसत होतं. एकूण एक अक्षर लख्ख दिसत होतं. पण साहेबांनी चार लोकांसमोर अक्षरं मोठी करावीत म्हणून मी दीड वर्ष टपून बसले होते, आणि आज सभागृहात बाहेरगावचे बारा पाहुणे, आमचे अधीक्षक आणि रुग्णालयातले झाडून सगळे विभागप्रमुख हजर होते. असा मुहूर्त मी कशाला सोडते?

साहेब म्हणजे आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. भर उन्हाळ्यातही अंगात कोट, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना 'कोट'च म्हणतो. आणि पडद्यावर जे झळकत होतं ते माझं फडताळ होतं.

आमच्या रक्तपेढीतली यंत्रं जुनी. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं. चित्र नाही, माऊस नाही. टर्मिनल म्हणतात त्याला. तिथे काहीही दाखवायचं तर अक्षरांतूनच दाखवायचं. त्यासाठी तयार तुकडे मिळतात, त्यांना विजेट म्हणतात: यादी, बटण, चौकट. पण फ्रीजच्या सहा कप्प्यांपैकी कोणत्या कप्प्यात कोणत्या रुग्णासाठी रक्ताची पिशवी राखून ठेवली आहे, हे एका नजरेत सांगणारं विजेट जगात कोणी केलेलं नव्हतं. ते मी केलं. डावीकडे रुग्णाचं नाव, पुढे सहा चौकटी, आणि पिशवी ज्या कप्प्यात असेल त्या चौकटीत भरीव ठोकळा. नाव ठेवलं 'फडताळ'.

ऐकायला सोपं वाटतं. पण आपली लिपी यंत्राला कळत नाही. 'कु' लिहिलं की यंत्र दोन मोजतं आणि पडद्यावर जागा लागते एकाचीच. ज्या नावात उकार-मात्रा जास्त, त्याची ओळ तेवढी आखूड पडायची. चौकटी डावीकडे सरकायच्या आणि उजवी रेघ पडक्या दातांसारखी आत-बाहेर व्हायची. चार महिने मी त्या रेघेमागे लागले होते. शेवटी वाट दाखवली नवऱ्याने. तो शिंपी. चौकड्यांचा सदरा शिवताना म्हणाला, चौकड्या किती आहेत ते मी मोजतच नाही, शिवणीवर कुठे येतात तेवढं बघतो. मी अक्षरं मोजणं सोडलं आणि जागा मोजायला लागले. रेघ ओळंब्यात आली. त्या दिवशी मला रडू फुटलं होतं, खोटं कशाला बोलू.

महिन्याभरात फडताळाला मोठं बक्षीस मिळालं. घ्यायला कोट गेले. फडताळाच्या प्रोग्राममध्ये पहिल्या ओळीवर माझं नाव होतं ते पुसून तिथे त्यांचं आलं. मी त्यांच्या खोलीत जाऊन जाब विचारला, तर मान वर न करता म्हणाले, "मॅडम, कल्पना माझी होती. तुम्ही रेघा तर ओढल्यात."

रेघा तर ओढल्यात! ते वाक्य माझ्या घशात हाडासारखं अडकून बसलं. भाजी चिरताना आठवायचं, केस विंचरताना आठवायचं.

आणि मग दोनेक महिन्यांनी मला माझीच चूक सापडली. अक्षरं मोठी केली की पडद्यावर जागा कमी उरते, लांब नाव कापावं लागतं. त्या कापण्याच्या एकाच जागी मी जुनी मोजणी बदलायला विसरले होते, तिथे अजून अक्षरंच मोजली जात होती. म्हणजे अक्षरं मोठी करा, की रेघ पुन्हा वाकडी. दुरुस्ती एका ओळीची. ती मी तेव्हाच लिहिली, तपासली, आणि माझ्या यंत्रात झाकून ठेवली. ज्याची कल्पना त्याने शोधावी.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा मला वाटलं तो हसेल. तो सुईत दोरा ओवत होता. "शिवण उसवलेली ठेवलीस तर फजिती सदरा घालणाऱ्याची होते बरं का, साहेबाची नाही," एवढंच म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू तुझं मशीन बघ.

तर आता कोटांनी अक्षरं मोठी केली.

फडताळाचा भुगा झाला. नावं मधेच तुटली, मात्रा लोंबायला लागल्या, तिसऱ्या कप्प्यातला ठोकळा दुसऱ्याखाली जाऊन बसला. कोणीतरी फिसकन हसलं. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, यातली पिशवी नक्की कुठल्या कप्प्यात आहे म्हणायची? कोटांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला त्या घामाचा थेंब न् थेंब बघायचा होता आणि मी तो बघितला.

मग ते माइकवर म्हणाले, "हे काम मॅडमचं आहे. त्या मागे बसल्यात."

बघा! वीस महिने त्यांचं होतं. बिघडलं त्या क्षणी माझं झालं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठले, सावकाश पुढे गेले, कोटांना जरा बाजूला व्हा म्हटलं आणि ती झाकलेली ओळ आणून बसवली. मिनिटभराचं काम. मोठ्या अक्षरांतही उजवी रेघ वरपासून खालपर्यंत सरळ उभी राहिली. टाळ्या पडल्या. त्या पाहुण्या बाईंनी काय केलंत म्हणून विचारलं.

"काही नाही," मी माइक धरून म्हणाले. "मी नुसत्या रेघा ओढते."

अधीक्षकांनी कोटांकडे असं काही पाहिलं की माझं दीड वर्ष वसूल झालं. नवऱ्याला हे कसं रंगवून सांगायचं ते जुळवतच मी खाली रक्तपेढीत गेले. तिथल्या यंत्रातही ती ओळ घालायची होती.

रक्तपेढीत ताई होत्या. सव्वीस वर्षांची नोकरी, जाड भिंगांचा चष्मा. डोळ्यांमुळे त्यांच्या पडद्यावरची अक्षरं कायम मोठी. त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं की चौकटी सरकतात. तिन्ही वेळा मी म्हटलं होतं, बघते पुढच्या आठवड्यात. दुरुस्त केलं असतं तर सगळीकडेच झालं असतं, आणि माझा डाव फुकट गेला असता.

मी ओळ घातली. ताई चष्मा वर करून पडद्याजवळ आल्या.

"झालं? एवढंच होतं?"

"एका ओळीचं."

"आज सापडलं का?"

हो म्हणता आलं असतं. पण त्या माझ्याकडे अशा सरळ बघत होत्या की जीभ वळली नाही. "नाही," मी म्हटलं. "आधीपासूनच माहीत होतं."

ताईंनी खण उघडून लाकडी पट्टी काढली. चौकटी सरकतात म्हणून त्या ओळीखाली पट्टी धरून नखाने चौकटी मोजायच्या, हे मी पाहिलं होतं. मी हसलेही होते एकदा. पट्टीखाली एक कागद होता. तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

मेमो होता, आठ महिन्यांपूर्वीचा. पडद्यावर कप्पा स्पष्ट दिसत असताना भलत्याच कप्प्यातली पिशवी काढली, सबब निष्काळजीपणाची नोंद. पिशवीवरचा क्रमांक ताईंनीच पुन्हा ताडून पाहिला होता आणि ती परत ठेवली होती, कोणाला काही झालं नव्हतं. पण नोंद झाली होती. सव्वीस वर्षांतली पहिली.

"मला वाटलं माझे डोळेच गेले," ताई म्हणाल्या. "घरी सांगितलं नाही मी."

मघाच्या टाळ्यांची मला शिसारी आली. मी त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि अधीक्षकांना लिहायला बसले. चूक फडताळाची होती, मला माहीत होती, मी मुद्दाम दुरुस्त केली नाही, ताईंची नोंद काढून ती माझ्या नावावर घालावी. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. फडताळाखाली माझं नाव यावं म्हणून एवढा आटापिटा केला, ते असं आलं.

ताईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून मेमोवर ठेवला आणि खण लावला. धन्यवाद म्हणाल्या नाहीत. मीही थांबले नव्हते त्यासाठी.

तेवढ्यात शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोन आला. पिशवी हवी होती. पडद्यावर रुग्णाचं नाव, पुढे सहा चौकटी, चौथीत ठोकळा. उजवी रेघ इतकी सरळ की नवऱ्यानेही मान डोलावली असती.

ताईंनी त्या ओळीखाली पट्टी धरली. नखाने मोजलं, एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि फ्रीज उघडला.