कमलबाईंचे नाक आणि मी

मित्रांनो, आमच्या गल्लीत नवखा माणूस आला की मला पाहण्याआधी तो शिंकतो. मी मिरची कांडण्याचे एक जुने यंत्र आहे. चाळीसगावच्या बाजारामागे, शिंप्याच्या आणि सायकलच्या दुकानांच्या मध्ये पत्र्याची एक खोली आहे, तिथे माझा मुक्काम. खाली लोखंडी उखळ आणि त्यात धडधडत पडणारी दोन जाड मुसळे, एवढेच माझे रूप.

धुळ्याच्या एका लहानशा कारखान्यात अभिमन मिस्त्रींनी मला घडवले. तिथून रिक्षावाल्या तोतारामभाऊंनी मला टेम्पोत घालून आणले आणि पत्नीला, कमलबाईंना, म्हटले, "ले, हाई तुनं मशीन!" त्या दिवसापासून मी कमलबाईंचा झालो.

होळी झाली की माझे दिवस सुरू होतात. बायका डबे-पिशव्या घेऊन येतात, ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडतात. सायकलवाले जितेंद्रभाऊ पंक्चर काढता काढता खोकतात आणि मला शिव्या घालतात. संध्याकाळी मात्र त्यांच्याही घरचा डबा माझ्याच पुढ्यात येतो.

उखळातून मला हे गाव कळत गेले. एका घरात खोबरे जास्त, एका घरात दगडफूल सढळ. कुणाच्या म्हाताऱ्या आबांना तिखट सोसेनासे झाले की त्या घरच्या मिरच्या कमी व्हायच्या. नवी सून आली की पहिल्या वर्षी मसाला सासूच्याच हाताचा असायचा. मग कधीतरी त्यात सुनेच्या माहेरचा एखादा जिन्नस हळूच डोकावायचा. तो आला की मला वाटायचे, चला, पोरगी रुळली.

पण गावाने नाव घेतले ते कमलबाईंच्या नाकाचे. बाहेर चुलीवर त्या कढईत मसाला भाजायच्या आणि डोळे मिटून वास घ्यायच्या. "झालं, उतरवा!" म्हटले की झाले. धने, लवंग, सुकवलेला कांदा, काहीही असो, क्षणभरही पुढे-मागे व्हायचे नाही.

कापड दुकानदार भिकमचंद शेठांच्या पत्नी, धनकुंवर भाभीजी, त्याच नाकावर विसंबून यायच्या. त्यांच्या घरात कांदा-लसूण वर्ज्य. वर्षभराची मिरची घरच्या खलबत्त्यात होईना, म्हणून त्या माझ्याकडे येत. त्या येणार म्हटले की कमलबाई मला धुऊन-पुसून, उन्हात वाळवून, उखळात डोके घालून वास घेत. लसणाचा मागमूसही राहिला नाही याची खात्री झाली की मग म्हणत, "या भाभीजी!"

मग करोना आला. खोलीला कुलूप लागले. माझ्या मुसळांवर गंज चढला, उखळात उंदरांनी चिंध्यांचे घर केले. दुसऱ्या लाटेत कमलबाई तापाने फणफणल्या. देवदयेने बऱ्या झाल्या, कुलूप उघडले, तोतारामभाऊंनी मला घासून लख्ख केले. मुसळे पुन्हा धडधडू लागली. पण कमलबाई कढईवर वाकून पुन्हा पुन्हा श्वास ओढत होत्या. मिरचीने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, घसा खवखवत होता, आणि वास मात्र येत नव्हता. कशाचाच नाही.

त्यांनी हे कुणाला सांगितले नाही. रंग पाहून भाजू लागल्या. एकदा मागच्या गल्लीतल्या भिकुबाईंचे खोबरे करपले आणि कमलबाईंनी ते तसेच माझ्या उखळात ओतले. दुसऱ्या दिवशी भिकुबाई डबा घेऊन आल्या.

"कमल, मसाला कडू झाया!"

"खोबरंच जुनं व्हतं तुनं," कमलबाई मान वर न करता म्हणाल्या.

भिकुबाई डबा उचलून गेल्या. बस स्टँडजवळ मसाला दळण्याची नवी चक्की सुरू झाली होती, त्या तिकडे जाऊ लागल्या. त्यांच्या मागोमाग आणखी काहीजणी गेल्या. कमलबाई दुपारी रिकाम्या ओट्यावर बसून राहत. मित्रांनो, लोखंडाला गळा नसतो. नाहीतर मी ओरडून सांगितले असते, की हिला आळस आलेला नाही, हिचे काहीतरी हरवले आहे.

अशातच धनकुंवर भाभीजी आल्या. त्याच सकाळी माझ्यात लसणाचा मसाला कांडला होता. कमलबाईंनी मला धुतले, पुसले, वाळवले. मग सवयीने उखळात डोके घातले. मला ठाऊक होते, तळाच्या सांध्यात लसूण अजून दरवळत होता. कमलबाईंनी डोके वर काढले. भाभीजी पदर सावरून उठल्या. आता फक्त "या" म्हणायचे होते.

कमलबाईंच्या हातातले फडके खाली पडले.

"भाभीजी, तुमची मिरची मी नाही कांडू शकत. मला वासच येत नाही. तापापासून. लसूण गेला की राहिला, मला कळत नाही."

भाभीजी दोन पावले पुढे आल्या. "एवढे दिवस एकटीच घेऊन बसलीस हे?"

कमलबाई हुंदके देऊ लागल्या. भाभीजींनी गुडघ्यावर हात टेकला, कण्हत खाली वाकल्या आणि आपले नाक माझ्या उखळात घातले.

"आहे ना लसूण! धू परत."

कमलबाईंनी धुतले.

"अजून आहे. त्या कडेला, बोटाने घास."

पुन्हा धुतले. भाभीजींनी वास घेतला आणि कंबर धरून उभ्या राहिल्या. "आता नाही. टाक मिरची. दरवर्षी मी येते, वास मी घेते. त्यात काय एवढं?"

त्याच संध्याकाळी कमलबाई स्वतः भिकुबाईंच्या दारात गेल्या. तिथे काय झाले ते मी पाहिले नाही, पण दुसऱ्या सकाळी भिकुबाई बडबडतच आल्या. "मंग आधी काबर सांगं नही माय? भाजाले मी बससू, तू कांड!"

तेव्हापासून चुलीजवळ नेहमी कुणी ना कुणी बसते. जिचा नंबर पुढे, ती आधीच्या बाईच्या मसाल्याचा वास घेते. चक्कीवर गेलेल्या सगळ्याच परतल्या नाहीत, पण ओटा पुन्हा भरू लागला.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कांडण ऐन जोरात होते. कमलबाई एकदम थबकल्या.

"काही जळतंय का?"

भिकुबाईंनी कढईत पाहिले. कढई ठीक होती. मग त्यांची नजर माझ्या पाठीकडे गेली. "पट्टा! पट्टा जळी राहिना!"

माझ्या मोटारीचा रबरी पट्टा घसरून धुरकटत होता. कुणीतरी बटण बंद केले. कमलबाईंनी फडक्याने तो गरम पट्टा ओढून काढला आणि नाकाशी धरला. पुन्हा धरला. जळक्या रबराची ती घाण त्या अत्तरासारखी हुंगत होत्या, रडत होत्या, हसत होत्या. बायकाही मग तो पट्टा एकमेकींकडे देऊन हुंगू लागल्या.

लवंगेचा वास त्यांना अजून पुरता येत नाही. येईल. मी वाट पाहतो आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादा शिंपी, एखादा हलवाई, एखादी कांडपवाली असेल. वर्षानुवर्षे नीट चाललेला हात एके दिवशी चुकला, तर लगेच दुसरे दुकान गाठू नका. आधी ओट्यावर जरा टेका आणि विचारा, "काय गं बाई, बरं आहे ना?"