लिफ्टमधली आरामखुर्ची

चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टनं एक हिसका दिला आणि ती थांबली. लिफ्टवाल्यानं हँडल पुढे केलं, मागे केलं. काही नाही.

"आजच का गं बाई?" तो लिफ्टला म्हणाला.

शनिवार होता. कचेऱ्या एक वाजता सुटल्या होत्या. शेवटच्या माणसाला खाली सोडून तो आपली भेट आणायला पुन्हा पाचव्या मजल्यावर गेला होता. एकोणतीस वर्षं स्टुलावर बसून काढलेल्या माणसाला निरोपाला काय द्यावं, यावर तिथल्या लोकांनी पुष्कळ खल केला आणि शेवटी घडीची आरामखुर्ची आणली. सोमवारपासून ही लिफ्ट निघणार, तिच्या जागी आपली आपण चालणारी बसणार. म्हणजे तोही निघाला. हेडक्लार्क म्हणाले होते, "मामा, आता पाय पसरून बसा. तुम्हाला वेळच वेळ."

धोक्याच्या घंटीचं बटण समोरच होतं. त्याचा हात तिकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. घाई कसली होती? वर कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं. घरी तर सकाळीच वाजलं होतं.

मुलीला जुळी झाली होती. आईबाबांनी आता आपल्याकडेच येऊन राहावं, असा तिचा हट्ट होता. बायकोनं चारच्या गाडीची तयारी केली. तो नाही म्हणाला.

"तुम्हाला नक्की हवंय तरी काय?" बायकोनं विचारलं.

"काही नको. तेच हवंय."

"म्हणजे मीही नको."

"असं कुठं म्हटलं मी?"

"म्हणायला कशाला हवं? दिवसभर लिफ्टमध्ये जगाचं ऐकायचं आणि घरी आलं की तोंडाला कुलूप. आता घरालाच लावून बसा." मग बॅगेची चेन ओढत म्हणाली, "स्टँडवर सोडायला येऊ नका."

"नाहीच येणार."

त्यानं घंटीवरचा हात खाली घेतला आणि खुर्ची उघडली. ती कशीबशी मावली. बसल्यावर गुडघे दाराच्या जाळीला टेकले, पण पाठ मागे रेलली, मान टेकली. डोक्यावर पत्र्याची पाटी होती: ‘एका वेळी फक्त सहा व्यक्ती’. चाळिशी उलटल्यावर तो या इमारतीतल्या पाट्यांवरून अक्षरं जुळवायला शिकला होता आणि हे त्यानं स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य. पाटी खोटी होती. नेहमी आठ असत. त्यांच्या छत्र्या, कोपरं, शिंका, साहेबांच्या चहाड्या, सगळं त्याच्या पाठीवर. घरी गेलं की एका खोलीत आईवडील, दोन मुलं, बायको आणि बायकोचं शिवणयंत्र. एकोणतीस वर्षं तो मनातल्या मनात एक रिकामी खोली सजवत आला होता. एक खाट. एक कप. खिडकी. दारावर कुणी नाही.

आता डोळे मिटून तो त्या खोलीत राहायला गेला.

सोमवारी तो उठलाच नाही. नऊ वाजता जाग आली, चहा केला, परत झोपला. मंगळवारी खिडकीत बसून रस्ता बघितला. कुणी म्हटलं नाही, "नुसते बसलायत तर एवढं करा." बुधवारी नळ गळायला लागला. तो त्यानं पाना घेऊन स्वतः नीट केला, वायसर बदललं, थेंब थांबला. पाना पुसत तो मोठ्यानं म्हणाला, "नळ झाला बरं का."

आवाज लिफ्टच्या पत्र्यावर आपटून त्याच्याकडेच परत आला. त्यानं डोळे उघडले.

गुरुवारचं काही सुचेना. त्यानं दोनदा प्रयत्न केला. बुधवारीच सगळं संपत होतं. त्याला साठावं लागलं होतं आणि वडील ब्याऐंशीपर्यंत जगले होते. एवढे गुरुवार आणायचे कुठून?

घड्याळात तीन वाजायला आले होते. इथून स्टँड पाऊण तासावर.

आता त्यानं बटण दाबलं. खालून घरघर ऐकू आली, म्हाताऱ्याच्या घशातल्यासारखी. तेव्हा त्याला आठवलं. घंटी तळमजल्यावर त्याच्या स्टुलाच्या वर होती. लोक उगाच बटण दाबायचे, ती कानाशी ठणाणा करायची. जरा शांतता मिळावी म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यानंच तिच्या वाटीत जुना बनियन कोंबला होता. चांगला घट्ट.

"शाबास," तो स्वतःला म्हणाला.

तो ओरडला. वॉचमनची केबिन पार फाटकापाशी, तिथं रस्त्याचाच आवाज जास्त. मोबाइल पिशवीत, पिशवी खाली खुंटीवर. हँडल उपसून त्यानं जाळी बडवली. साडेतीन झाले. घसा बसला. चार वाजायला पाच मिनिटं असताना तो खुर्चीत बसला आणि मिनिटकाट्याकडे बघत राहिला. चार वाजले. मग चार वाजून एक मिनिट झालं. गाडी निघाली असणार, आणि खिडकीशी बसून ती म्हणत असणार, खरंच आला नाही हो माणूस.

सव्वाचारला चौथ्या मजल्यावर पावलं वाजली. लिफ्टच्या वरच्या फटीतून त्याला फक्त फरशी दिसत होती. फरशीवर दोन पाय येऊन थांबले. डाव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा मागच्या महिन्यात त्यानंच घातला होता.

"अगं," तो म्हणाला.

पाय दचकले. मग ती खाली वाकली आणि फटीत तिचा अर्धा चेहरा आला.

"तुम्ही इथं बसलायत? खुर्ची टाकून?"

"अडकलोय."

"वॉचमन म्हणाला मामा दुपारीच गेले. म्हटलं पिशवी खुंटीवर सोडून जाणारा माणूस नाही हा. प्रत्येक मजल्यावर डोकावत आले." तिनं दम घेतला. "कधीपासून?"

"दीडपासून."

"आणि घंटी?"

"घंटीचं नंतर सांगतो."

ती खाली फरशीवरच बसली. "किल्ली द्यायला आले होते. शेजारी ठेवणार होते, पण म्हटलं तुमचं एकट्याचं घर, तुमच्या हातात द्यावी." तिनं फटीतून किल्ली पुढे धरली. त्यानं हात वर केला नाही.

"गाडी गेली ना?" त्यानं विचारलं.

"जाईल नाहीतर काय. तुमच्यासाठी थांबते?" किल्ली तशीच लटकत होती. "काय केलंत तीन तास?"

"राहिलो एकटा."

"मग? कसं वाटलं?"

"बुधवारपर्यंत बरं होतं."

तिला काही कळलं नाही, पण ती हसली. त्यानं घसा साफ केला.

"पुढची गाडी कितीला?"

"सहाला."

"जागा मिळते?"

"एकीला मिळते. दोघांचं बघावं लागेल."

"खुर्ची नेऊ देतात का?"

तिनं किल्ली मागे ओढून घेतली आणि कमरेला खोचली. "टपावर टाकतील," ती म्हणाली. "थांबा, वॉचमनला सांगते. जाऊ नका कुठं."

"बरं," तो म्हणाला.

अर्ध्या तासात मिस्त्री आला आणि गच्चीवरच्या यंत्रखोलीत चढला. चाक हातानं फिरवून लिफ्ट खाली घ्यायची होती. त्यानं वरून हाक दिली, "मामा, तिसऱ्यावर थांबवू?"

लिफ्टवाल्यानं वर बघितलं. "खालपर्यंत ने बाबा. शेवटची फेरी आहे."

लिफ्ट बोट बोट खाली सरकू लागली. फटीतली फरशी वर गेली, भिंत आली. मग तळाशी उजेड आला आणि त्यात बायकोचे केस दिसले. ती जिन्यानं पुढे येऊन उभी होती. कपाळ आलं, चेहरा आला, हातातली बॅग आली.

"तिसरा," ती म्हणाली.

मग तिचे पाय त्याच्या डोळ्यांसमोरून वर गेले आणि जिन्यावर चपला वाजल्या. दुसऱ्या मजल्यावर ती पुन्हा हजर. "दुसरा." आता तिला धाप लागली होती. पहिल्या मजल्यावर तिनं नुसतं एक बोट दाखवलं.

तळमजल्यावर दोघं समोरासमोर आली आणि लिफ्ट थांबली. तिनं बाहेरची जाळी दोन्ही हातांनी ओढली. ती कुठं अडते हे तिला माहीत नव्हतं. त्यानं आतून जरा उचलून दिली. दार उघडलं. तो खुर्ची घडी करून काखेत धरून उभाच राहिला. आधी सगळ्यांना उतरू द्यायची सवय होती त्याची. आज उतरायला दुसरं कुणी नव्हतं.

"उतरा," ती म्हणाली. "तळमजला."