हजेरीसाठी भिंत

आमच्या खुल्या जेलची पंचायत पाच जणांची, आणि पाचही जण खुनी. न्यायाचा एवढा अनुभव एका झाडाखाली क्वचितच जमत असेल. मी त्यातला मुनशी. हजेरीची वही माझ्याकडे. कैदी सकाळी गावात कामाला जातात, संध्याकाळी सातच्या हजेरीला परत येतात. बायकामुलं आतल्या खोल्यांतच राहतात. नऊ वर्षांत गैरहजेरीचं पान निम्मंही भरलेलं नाही. माणसाला संध्याकाळी घरी यायला आवडतं, त्यात सरकारचं फारसं कर्तृत्व नाही.

त्या मंगळवारी मात्र पोकरराम गवंडी भिंतीवरून उडी मारून आत आला.

झालं असं, की फाटकावर उदयभान नावाचा नवा शिपाई होता. बंद जेलमधून बदलून आलेला. तिथं बाहेर जाणाऱ्याला अडवायचं एवढंच तो शिकला होता. आत यायला धडपडणारा कैदी त्यानं जन्मात पाहिला नव्हता. आणि पोकरचं ओळखपत्र नेमकं खोलीवर राहिलेलं.

"भाई, मी इथला कैदी आहे," पोकर म्हणाला.

"असं कोण स्वतःहून सांगतं? चल, फूट."

"अरे, खून केलाय मी!"

"मग इथं काय करतोस? पळ, नाहीतर आत टाकीन."

"तेच तर म्हणतोय, टाक!"

सातला चार मिनिटं उरली, तसा पोकर मागच्या बाजूला गेला आणि भिंत चढला. वरचे दोन दगड निसटले, गुडघा फुटला, पण रांगेत उभा राहून त्यानं खणखणीत "हजर" म्हटलं. मी खूण केली. मग शिट्टी फुंकत उदयभान आला.

नियम साधा होता : भिंत ओलांडणाऱ्याची रवानगी बंद जेलमध्ये. म्हणजे पोकरची बायको धापू आणि दोन्ही मुलींनी खोली सोडायची, आणि पोकरनं उरलेली सहा वर्षं जाळीतून त्यांची तोंडं बघायची. जेलरसाहेब म्हणाले, "सकाळी पंचायतीनं मत द्यावं."

सकाळी खेजडीच्या झाडाखाली बसलो. पंचांपैकी लाखारामनं सुरुवात केली, "आज सोडलं तर उद्या सगळेच भिंतीवरून येतील. धाक हवा."

"येऊ देत की," भागचंद म्हणाला. "येतायत ना?"

"नियम मोडला. किंमत मोजायलाच हवी."

"गुडघा बघ त्याचा. निम्मी मोजून झालीय."

सरपंच गुमानसिंह सगळ्यांत म्हातारे. आठ वर्षं बंद जेलमध्ये काढलेले. ते म्हणाले, "लाखा, शिक्षा कशासाठी असते रे? मला आठ वर्षांत कुणी सांगितलं नाही."

"धाकासाठी. आणि काकोसा, माणूस सुधारावा म्हणून."

"बरं. काल हा भिंतीबाहेर एकटा होता. अंधार पडत आलेला, बसस्टँड दहा मिनिटांवर, आणि शिपाई स्वतः पळ म्हणतोय. हा कुठं गेला?"

लाखाराम मातीत काडीनं रेघा ओढत राहिला.

मागून धापू म्हणाली, "आणि बंद जेलमध्ये पाठवलंत, तर यांना तिथून बाहेर पडायचंच शिकवाल."

"तू गप," पोकर पुटपुटला.

"तुम्ही कार्ड विसरता, आणि गप मी?"

निकाल मी लिहिला. गुन्हा : भिंतीचे दोन दगड पाडणे. शिक्षा : दोन रविवार राबून भिंत बांधून देणे. शिवाय उदयभाननं पंधरा दिवस माझ्याशेजारी उभं राहून चेहरे पाठ करावेत. शेवटच्या कलमावर लाखारामनं सगळ्यांत आधी हात वर केला.

जेलरसाहेबांनी कागद दोनदा वाचला. "आणि ओलांडण्याचं काय?"

"साहेब हुकुम, तो नियम पळणाऱ्यासाठी आहे," गुमानसिंह म्हणाले. "हा हजेरीला आला."

साहेबांनी सही केली.

दुसऱ्या रविवारी मी उदयभानला घेऊन काम बघायला गेलो. आतली बाजू तळहातासारखी गुळगुळीत. बाहेरच्या बाजूला मात्र एकावर एक तीन दगड वीतभर पुढे आलेले, पाय ठेवण्याजोगे.

"या पायऱ्या आतून का नाहीत?" उदयभाननं विचारलं.

पोकर हात धूत म्हणाला, "आतून कुणाला लागतात?"

मी वहीत लिहिलं : काम पूर्ण, तक्रार नाही.