तिसरा रकाना

विभागप्रमुख तणतणतच विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरले. "मी लिहिलेलं पुस्तक रद्दीत काढायची हिंमत कुणी केली?"

पुस्तकखरेदी सांभाळणाऱ्या बाईंनी यादी पुढे सरकवली. दहा वर्षांत कुणीही न नेलेली पुस्तकं, आणि खाली सरांचीच सही. दरवर्षी हा माणूस न वाचता सही ठोकायचा आणि वर बाईंनाच कामचुकार म्हणायचा. आज बाईंच्या मनात दयामाया नव्हती.

"मग नवीन प्रत मागवा! आत्ताच्या आत्ता!"

"मागवू की." बाईंनी खरेदीचा फॉर्म त्यांच्या नाकासमोर धरला. "सही नंतर. आधी तिसरा रकाना भरा."

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा फॉर्म वाचला. 'हे पुस्तक कोण वाचणार?'

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"भरा ना सर," बाई म्हणाल्या, "एक नाव पुरे."