वटवाघळांची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. माझ्यातून कधी भाजी आली नाही की पुस्तके गेली नाहीत. मी जन्मभर वटवाघळे सांभाळली.

वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या एका ताईच्या आईने मला जुन्या चादरीतून शिवले. शिवताना तिची कुरकुर चालूच होती. एवढी शिकलेली मुलगी वटवाघळांच्या मागे लागली, लोकांना सांगायचे तरी काय? पण इवली नखे धाग्यांत अडकू नयेत म्हणून माझी शिवण मात्र तिने बाहेरच्या बाजूला घेतली.

ताई जाळ्यातून वटवाघूळ अलगद सोडवी आणि माझ्यात ठेवी. मला काट्याला टांगून वजन होई, मग पंख मोजला जाई, वटवाघळाच्या हातात क्रमांकाची बारीक कडी चढे आणि पाहुणा उडून जाई. अशी अकरा वर्षे गेली. ताईची नोकरी दर वर्षी संपे, दर वर्षी नव्याने मागावी लागे. तिचे डोळे खोल गेले. माझी नाडी दोनदा बदलली.

एके वर्षी कळले, पाण्याचा जुना बोगदा विटांनी बंद होणार. आत शेकडो माद्या पिल्ले घेऊन लटकलेल्या. ताईने अर्ज दिले, हेलपाटे घातले. शेवटी तिने हे काम करणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना बोगद्याच्या तोंडाशी बोलावले आणि माझ्यात डोकावायला लावले. आत एक मादी होती. तिच्या छातीला उघडेवाघडे पिल्लू घट्ट बिलगले होते.

साहेबांनी पिल्लाकडे बोट केले.

"याला उडता कधी येईल?"

"पाच आठवडे लागतील."

"मग सहाव्या आठवड्यात काम सुरू करतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

त्यांनी शब्द पाळला. पिल्ले उडाली आणि बोगदा बुजला. ताई त्या ओल्या भिंतीसमोर बसून राहिली. रडायचेही त्राण तिच्यात नव्हते.

पुढची दोन वर्षे ती बोगद्यातली वटवाघळे शोधत फिरली. एका पडक्या गोदामाच्या छताला सत्तेचाळीस वटवाघळे सापडली. त्यांतल्या एकीच्या हातात ताईनेच बोगद्यात चढवलेली कडी होती. ताईने तो क्रमांक वहीत तीनदा लिहिला.

आता माझे कापड विरले आहे. मी दारामागच्या खिळ्याला असते. माझ्या जागी नवी पिशवी जाते.

मित्रांनो, छताला लटकलेले वटवाघूळ दिसले तर त्याला डिवचू नका, हातही लावू नका. हळूच मागे फिरा. आणि जवळच कुणी दमलेली ताई वही घेऊन बसली असेल, तर तिला हसू नका. तिला पाणी हवे का, एवढे विचारा.