पंधरा तासांचा अंधार

लिफ्टची दारं बसवण्यात माझी उभी हयात गेली. कुठे फट दिसली की अजून हात शिवशिवतात. त्यामुळे नर्सरीवाल्या बाईंचं बोलणं मला लगेच पटलं. म्हणाल्या, "काका, हे निवडुंगाच्या जातीचं, पण बिनकाट्याचं झाड. संध्याकाळी पाच ते सकाळी आठ मिट्ट काळोखात ठेवा. दीड महिना. मध्ये दिवा लागला तर कळी धरणार नाही."

झाड बायकोचं. कुणाकडून तरी दोन पानं आणून लावलेलं. चार वर्षं नुसतं हिरवंगार, फुलाचा पत्ता नाही. आता ती अंथरुणाला खिळलेली, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तीनेक महिने सांगितलेले. तुला काय हवंय विचारलं, तर म्हणाली, "याचं फूल बघायचंय एकदा. रंग कुठला, तेही ठाऊक नाही."

मग काय, तिच्याच खोलीतल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. दाराच्या फटीला लिफ्टची रबरी पट्टी ठोकली. रोज पाचला कुंडी आत, सकाळी आठला बाहेर खिडकीत.

"माझे दागिने कधी इतके जपले नाहीत," ती एका सकाळी म्हणाली.

"दागिने होते कुठे?"

"तेच म्हणतेय."

दीड महिना झाला. वर आठवडा गेला. रोज चष्मा लावून पानांची टोकं बघायची, आणि काही नाही. डोकं फिरलं माझं. पोरीवर खेकसलो, "कामावरून आलीस की कपाट उघडतेस तू."

"बाबा, मी त्याला हातसुद्धा लावत नाही. वेड लागलंय तुम्हाला."

कुंडी आत ठेवली की मी औषधं आणायला जायचो, तासाभराने यायचो. एक दिवस दुकान बंद निघालं, दहा मिनिटांत परत आलो. बघतो तर बाथरूमपर्यंत जायला आधार लागणारी माझी बायको कपाटापुढे उभी. ट्यूबलाइट लख्ख लावलेली. एका हाताने दार धरलंय, दुसऱ्याने पान चाचपतेय.

"रोज बघतेस?"

चोरी पकडल्यासारखी हसली. "अहो, सकाळी कपाट उघडलं की तुमचं तोंड एवढंसं होतं. दिवसभर तुम्ही समोरच असता, म्हटलं आदल्या संध्याकाळीच बघून ठेवावं. कळी नसली तर सकाळी तुम्हाला काय बोलून हसवायचं, ते ठरवता येतं."

खरंच, रोज सकाळी काहीतरी बोलून हसवायची मला. मला वाटायचं, आपोआप सुचतं हिला.

"चालतं ना उघडलेलं?" तिने विचारलं.

बाईंनी सांगितलेलं अगदी ओठांवर आलं होतं. पण आता पुन्हा पहिल्यापासून दीड महिना मोजायचा, आणि तेवढे दिवस तिच्याकडे नव्हते.

"चालतं की," मी म्हटलं. "जरा हवा लागते झाडाला."

तिला धरून पलंगावर बसवलं. दुसऱ्या दिवशी पलंगापासून कपाटापर्यंतच्या वाटेतली खुर्ची सरकवून भिंतीला लावली. कुंडी आत ठेवायची आणि औषधं आणायची असोत नसोत, बाहेर पडायचं. जिन्यात बसायचं. आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज यायचा, मग बऱ्याच वेळाने लावल्याचा. त्यानंतर थोडं थांबून मी घरात जायचो.

सतरा दिवस असं चाललं. अठराव्या दिवशी आवाज आला नाही. तरी मी तिथेच बसून राहिलो, म्हटलं दमली असेल, उठेल आता.